जगनच्या खुंटीवरचं दावं

सकाळचे सहा चाळीस. डोळखांबजवळच्या एका पाड्यावर नथू भोईर आडव्या पाडलेल्या बैलाच्या खुरात नालेचा शेवटचा खिळा ठोकत होता. हे काम तो एकतीस वर्षं करतो. मुरबाड तालुक्यातल्या त्याच्या स्वतःच्या गावात चाळीसेक बैल आहेत. चार महिन्यांत त्यातला एकही त्याच्याकडे आलेला नाही. म्हणून मोटरसायकलवर हत्यारांचं पोतं बांधून तो एवढ्या लांब येतो.

सुरुवात म्हसाच्या जत्रेत झाली. नथूच्या भावकीतला जगन आणि कसाऱ्याला रेल्वेत असलेला जगनचा भाऊ यांचा एक बैल सामाईक होता. जगनने तो जत्रेत परस्पर विकला. घेणाऱ्याने तिथल्या तिथे नाला मारून घेतल्या, त्या नथूनेच मारल्या. जगनने बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं सोडून खांद्यावर टाकलं, तेही त्याने पाहिलं. इकडे बैल विकला तरी दावं देत नाहीत. त्याबरोबर गोठ्याची बरकत जाते, असं मानतात.

आठवड्याने भावाने बैल विचारला. जगन म्हणाला, चोरीला गेला. नाव घेतलं गुराख्याचं, ठाकूरवाडीतल्या कमळूचं. कमळूला चिंचेला बांधून दुपारभर मारलं.

रविवारी देवळापुढे गाव बसलं. नथू उठला.

"जगन, बैल तू विकलास. नाला मी मारल्या. आन् चोरीला गेला म्हनतोस, तर दावं तुज्या खुंटीवर कसं? चोर काय दावं घडी घालून ठेवून गेला?"

सगळ्यांना कळलं. बसलेल्यांतल्या दोघांनी माना खाली घातल्या.

"खुरात बसून बसून याची अक्कल बी खुरात गेली," जगन म्हणाला. लोक हसले.

गावातले जुनेजाणते राघोतात्या कमळूकडे वळले. "तूच सांग रे. बैल कोनी नेला?"

कमळूचं झोपडं जगनच्या माळावर आहे. सुजलेल्या ओठांनी तो म्हणाला, "मीच."

"झालं," राघोतात्या म्हणाले. "बस खाली, नथू."

कमळूने जगनची गुरं फुकट राखायची, असं ठरलं. आधी एक वर्ष म्हणाले होते. नथू बोलल्यावर जगनने दोन करून घेतली. त्या रविवारपासून गावाने नथूकडे बैल आणणं बंद केलं.

गेल्या मंगळवारी कमळूची बायको जिवली नथूच्या अंगणात आली. बसली नाही.

"नथूदादा, जगनशेट बोलला, तुमी चार मान्सांत चुकलो म्हना, तर तो एक वरीस सोडंल."

"मी चुकलो नाय गो."

"मला ठाव हाय."

"मग खोटं कसं बोलू?"

"आमी बोललोच ना! आमचा मानूस बोलला." ती खाली बघत होती. "तुमाला खरं लागतं, दादा. ते राखायला गुरांमागं आमचा मानूस जातो."

 नथू चार माणसांत गेला नाही. आजवर गेलेला नाही.

उद्या सकाळी आठ वाजता कमळू जगनच्या गोठ्यातली अकरा जनावरं सोडून माळावर नेईल.