पोटुशीचं ताट

"आधी ताट दाखवा," उंबऱ्यात चपला काढता काढताच बाई म्हणायच्या. पाणी नको, चहा नको. सरळ चुलीपाशी येऊन भाकरीच्या टोपलीवरचं फडकं उचलायचं. तुम्ही म्हणाल, काय ही आगाऊ बाई! आम्हीही तेच म्हणायचो.

वरवंडच्या या ग्रामसेविका. पंचायतीत नवाकोरा टीव्ही आला होता. आठवड्यातून एकदा गावातल्या बायकांना त्याच्यापुढं बसवायचं काम बाईंनी आपणहून अंगावर घेतलं. चित्र नाचायला लागलं की पेटीला एक थापट मारायच्या आणि आमच्याकडं वळायच्या, "ऐकलं ना, काय म्हणाली ती?"

माझ्या धाकट्या जावेला तेव्हा सातवा लागला होता. आमच्याकडं पोटुशीला हात राखूनच वाढायचे; पोर मोठं झालं तर बाळंतपणात अडतं म्हणून. बिचारी भिंत धरून चालायची. अशाच एका संध्याकाळी टीव्हीवरच्या डॉक्टरीणबाईंनी नेमकं सांगितलं, गरोदर बाईनं पोटभर जेवावं. पालेभाजी, डाळ, शेंगदाणे, अंडी.

सासूबाई ताडकन उठल्या. "आन् पोर अडलं तर ती पेटीतली बाई येणार हाय व्हय सोडवाया?"

"ती नाही येणार, मी येईन," बाई म्हणाल्या. "काही वाईट झालं तर मला धरा."

दुसऱ्या दिवसापासून बाई रोज दुपारी यायच्या आणि जाऊ जेवून उठेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. सासूबाई वाढायच्या, पण तोंड फिरवून.

दिवस भरले. पहाटे कळा सुरू झाल्या, उन्हं डोक्यावर आली तरी सुटका होईना. दौंडच्या दवाखान्यात न्यायला बाईंनी जीप आणून दारात उभी केली, तर सुईण म्हणाली, "आता हलवू नगा."

सासूबाई ओसरीवर कपाळ बडवत होत्या. "खा म्हणाली, खा! माझी सून गेली तर हिला गावात ठिवणार न्हाई!" बाई दाराला टेकून उभ्या. खरं सांगते, मलाही त्यांचा भयंकर राग आला होता.

आणि पोर रडलं. चांगलं खणखणीत! जाऊही सुखरूप. सासूबाईंनी नातवाला फडक्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि बाईंपुढं धरलं. "घ्या. तुमचाच हाय."

पुढं बाईंची शिरूरकडं बदली झाली, पुन्हा भेट नाही. पण त्या दुपारच्या बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसल्या होत्या, दोन्ही हात पदरात दडवून.

"नको आई, आत्ता नको," सासूबाईंना म्हणत होत्या. "हात थरथरतायत माझे. मला वाटलं, मारली मी हिला."