चंदगडला एकटीनं

चंदगडला चार दिवस एकटीनं जाऊन राहायचं ठरवलं, तेव्हा घरात मी कामाचा शीण हे कारण दिलं. खरं कारण वेगळं होतं.

कळंब्याच्या आमच्या घरात आम्ही तिघं. बाबा कॉलेजात शिकवतात, आई बँकेत आहे. मी वरच्या खोलीत बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते, कॅमेरा बंद ठेवून. शाळेतल्या मैत्रिणी केव्हाच पुण्या-बंगळूरला गेल्या. दिवसभरात माझ्या तोंडून जे काही निघतं ते बहुतेक इंग्रजीत, आणि तेही आवाज येतोय का, एवढं विचारण्यापुरतं. संध्याकाळी खाली यावं तर टीव्ही चालू, शेजारच्या काकू आलेल्या, फोनवर आत्या. घर भरलेलं असायचं आणि त्या भरल्या घरात मला फार एकटं वाटायचं. जिथं खरोखरच कुणी ओळखीचं नाही तिथंही असंच वाटतं का, हे मला एकदा बघायचं होतं. वाटलं, तर खोट माझ्यातच आहे. नाही वाटलं, तर निदान कळेल.

चंदगडचं एक गेस्ट हाऊस मला फोनवर चाळता चाळता सापडलं. गावाच्या कडेला, वर चार खोल्या, पुढं कौलारू व्हरांडा आणि त्याच्यापुढं भाताची शेतं. चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, असं खाली कुणीतरी लिहिलं होतं. फोन करायला मला बराच धीर गोळा करावा लागला. अनोळखी माणसाशी मराठीत बोलताना माझी वाक्यं अर्ध्यात अडकतात.

"एकटीच हायसा?" अक्कांनी विचारलं.

"हो."

"मालक न्हाईत येणार?"

"नाही. म्हणजे, लग्न नाही झालेलं."

"बरं की मग. निवांत ऱ्हावा. कोंबडं खातायसा न्हवं?"

मी हसले. पुढचे काही दिवस मी मनातल्या मनात ते चार दिवस लावत राहिले. सकाळी ऊन व्हरांड्यात येईपर्यंत अंथरुणातच. मग चहा. एकच पुस्तक न्यायचं, जाडजूड. दुपारी भात, कोंबडीचा रस्सा आणि झोप. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणजे शेतांत कापणी चालू असणार. ती लांबून बघायची.

जेवताना मी घरात सांगितलं. आईनं ताटावरून मान वर केली. "चंदगडला? अहो, तुमच्या मावसबहिणीचे दीर तिथलेच ना?"

बाबांचा चेहरा उजळला. आमच्याकडं कुठल्याही गावाला जायचं म्हटलं की आधी तिथले पाव्हणे शोधतात, मग गाडीची वेळ बघतात. पाव्हण्यांचं घर असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्यांचा अपमान. गावात सरळ अर्थ निघतो की यांचं काहीतरी बिनसलंय.

"तू राहा गेस्ट हाऊसमध्येच," बाबा म्हणाले. "मी नुसतं कानावर घालतो."

त्यांनी स्पीकरवर फोन लावला. पलीकडून त्या दिरांचा, म्हणजे माझ्या लांबच्या काकांचा, आवाज सगळ्या घरभर घुमला. "पोरगी येत्या आन लॉजवर उतरत्या? आमचं घर काय पडलंय व्हय?"

"तसं न्हवं हो पावणं," बाबा हसत म्हणाले. कॉलेजात शुद्ध बोलणारे माझे बाबा असल्या फोनवर दोन वाक्यांत गावाकडचे होतात. मला ते कधीच जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी थेट मलाच फोन केला. "काम झालं बघ. अक्काला जाऊन सांगून आलो, आमचीच पोरगी हाय, खोली दुसऱ्या कुणाला द्या. आमच्या माडीवर गादी घातल्या. शेजारच्या पोरीस्नी सांगून ठेवलंय, दिवसभर तुझ्यासंगट ऱ्हातील. तुला एकटं म्हणून वाटू द्यायचं न्हाय."

काकींनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. "तिखट चालतंय न्हवं तुला? का विंग्रजी शाळंतल्या पोरीस्नी नुसतं उकडून घालायचं?"

"चालतंय काकी," मी म्हणाले.

कुणाचंच काही चुकलं नव्हतं, म्हणून रागही नीट येईना. आई भाजी निवडत होती. "जाऊन ये की. तेवढंच चार माणसांत राहशील."

"मला माणसांत जायचंच नाहीये."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "मग कुठं जायचंय तुला?"

मी वर गेले आणि अक्कांना फोन केला. खोली अजून रिकामी होती.

"पण पावण्यांनी सोडली म्हणून सांगितलं की."

"मी सोडली नव्हती."

अक्का म्हणाल्या, "बाई, गाव बारकं हाय. ते रोज माझ्या दारावरनं जात्यात. त्यांच्या म्हागारी तुम्हाला खोली दिली तर ते माझ्यासंगट बोलतील व्हय? तुम्हीच सांगा त्यांस्नी. त्यांनी व्हय म्हटलं की खोली तुमचीच."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी चार दिवसांनी परत येणार होते, अक्कांना तिथंच राहायचं होतं. मग काकांना फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"काका, मला गेस्ट हाऊसमध्येच राहायचंय. एकटीनं."

"आमचं काय चुकलं का?"

"नाही हो."

"मग?"

"मला चार दिवस कुणाशी बोलायचं नाहीये."

बोलले आणि कळलं, हे असं नको होतं म्हणायला.

"बरं," काका म्हणाले. "न्हाय बोलणार कोण."

संध्याकाळी अक्कांचा निरोप आला, खोली ठेवली आहे. जेवून उठताना बाबा एवढंच म्हणाले, "सकाळी स्टँडवर सोडतो."

खोली ठरवल्यासारखीच निघाली. व्हरांडा, ऊन, खाली कापणी. अक्का हसऱ्या चेहऱ्याच्या, ठेंगण्या. त्यांनी किल्ली दिली, बोटानं नळ दाखवला, आणि गेल्या. जेवण आणलं, ठेवलं, गेल्या. फोनवर एवढं बोलणारी बाई समोर एक शब्द काढत नव्हती. बाजारात गेले तर दुकानदारानं साबण मुकाट्यानं पुढं केला. गल्लीत ओरडत खेळणारी पोरं मी जवळ आले की गप्प व्हायची आणि मी पुढं गेले की पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली एक बाई पोरांना दटावताना ऐकू आली, "त्या ताईसंगट बोलायचं न्हाय, पावण्यांनी सांगितलंय," आणि उलगडा झाला. काकांनी माझा पाहुणचार जितक्या नेटानं ठरवला होता, तितक्याच नेटानं माझी शांतताही ठरवली होती. गल्लीत आणि बाजारात सांगून ठेवलं होतं. इथं मला कुणी ओळखणार नाही, अशा हिशोबानं मी आले होते. आता सगळे ओळखत होते आणि माझ्यासाठी म्हणून गप्प होते.

पुस्तक पुढं सरकेना. घरी वाटायचं तसंच वाटत होतं, फक्त इथं त्याला आवाजाची आडकाठी नव्हती.

तिसऱ्या दिवशी अक्का ताट आणि रश्श्याचं पातेलं ठेवून वळल्या, तेव्हा मी म्हणाले, "अक्का, बसा की जरा."

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. "चालंल? पावण्यांनी सांगितलंय..."

"चालेल."

त्या उंबऱ्यावर बसल्या. जो प्रश्न सगळे मला विचारतात आणि मी टाळते, तोच तोंडातून निघाला. "तुमच्या घरात कोण कोण असतं?"

"मी एकटीच. लेक गोव्याला हाटेलात हाय."

"एकटं नाही वाटत?"

"वाटतंय की," अक्का म्हणाल्या. "न वाटायला काय झालं?" आणि पातेल्यावरचं झाकण काढून विचारलं, "रस्सा वाढू अजून?"

मी ताट पुढं केलं.