डरवेंटवॉटरच्या काठावरची तीन भोकं

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच. जुन्या गाड्या घेण्या-विकण्यात आयुष्य गेलं. बॉनेट उघडून बघितल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही. तरीही हे लिहितोय...

डॉक्टर शिरीष रीडिंगचा, मी मिल्टन कीन्सचा. दर हिवाळ्यात आम्ही दोघं लेक डिस्ट्रिक्टला बर्फाचे फोटो काढायला जायचो. तिथल्या डरवेंटवॉटर तळ्याच्या लाकडी धक्क्याचा एक फोटो त्याने मंडळाच्या २००९च्या कॅलेंडरला दिला – स्वतःच्या नावाने. धक्क्याच्या दोन खांबांमधून पलीकडचं बेट दिसतं, असा. ती जागा मी शोधलेली, ट्रायपॉड लावून त्याला दाखवलेली! माझं डोकंच फिरलं. बोलणं बंद.

जानेवारीत त्याचाच फोन आला. "बाबू, माझं चुकलं समज. तळं गोठतंय म्हणे, चल ना!"

"समज-बिमज नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमात माइकवरून सांग, मग येतो."

"अरे, माफी घेतोयस की गाडी? किती घासाघीस!"

मी फोन आपटला. वाटलं, थोडं ताणलं की येईल लाइनवर. तिसऱ्या दिवशी तो हार्ट अटॅकने गेला.

फेब्रुवारीत बर्फ पडला तेव्हा बायकोला घेऊन तिथेच गेलो. "तुम्ही या जाऊन, मी गाडीत हीटर लावून बसते," सुषमा म्हणाली. सकाळचे नऊ. काठावर घोट्याएवढा ताजा बर्फ, त्यावर एकही पाऊल नाही.

आणि धक्क्याच्या उजवीकडे तीन भोकं. ट्रायपॉडची. दोन बारीक, तिसरं रुंद, तळाशी गोल वळ्यांचा ठसा. शिरीषच्या ट्रायपॉडच्या एका पायाचं रबर हरवलं होतं. तिथे त्याने हॉस्पिटलातल्या कुबडीचं रबर बसवलं होतं. पण आजूबाजूला पावलं नाहीत – येणारी नाहीत, जाणारीही नाहीत.

आधी रागच आला. कोण चेष्टा करतंय? तसाच माझ्या जागेवर, डाव्या अंगाला गेलो, ट्रायपॉड लावला. बेट खांबाच्या मागे लपलेलं. जरा सरकलो, तरी मागेच. शेवटी त्या तीन भोकांत माझ्या ट्रायपॉडचे पाय रोवले... दोन खांब, मधोमध बेट. कॅलेंडरमधलीच फ्रेम.

म्हणजे त्याने स्वतःची जागा स्वतःच शोधली होती. मी कधी पडताळून पाहिलंच नाही. आणि तरी तो म्हणाला, माझं चुकलं.

सुषमा मागून आली. "काढलात का?"

"नाही."

"अहो, एवढ्या लांब येऊन?"

"हा शिरीषचा आहे गं."

भोकं तिनेही पाहिली. पावलांशिवाय ती तिथे कशी उमटली, हे आम्हा दोघांनाही आजतागायत कळलेलं नाही. हे शिरीषच्या बायकोला, मेधावहिनींना सांगायला तीनदा फोन उचलला. तिन्ही वेळा त्यांचा "हॅलो" ऐकला आणि ठेवून दिला.