जपून ठेवलेला पॉलिशपेपर

सुताराच्या हातात पॉलिशपेपर दिसला की चिंचवडच्या शाळेतला माझा बी.एड.चा सराव पाठ आठवतो. इंग्रजी उपसर्ग-प्रत्ययांची कार्डं फ्लॅनेलच्या फळ्याला चिकटावीत म्हणून मागे लावायला माझ्याबरोबर बी.एड. करणाऱ्या एका मुलीनं मला वडिलांच्या कारखान्यातले पॉलिशपेपरचे तुकडे आणून दिले होते. पण तिनं दिलेली वस्तू कापायला मन होईना, म्हणून मी शहाण्यानं ते ट्रंकेत जपून ठेवले. भर पाठात कार्डं धडाधड खाली आली, पोरं खिदळली. मागे निरीक्षण लिहीत बसलेली ती धावत आली आणि तळहातांनी कार्डं दाबून धरत पुटपुटली, "अहो, मी दिलेला पॉलिशपेपर कुठाय?" खरं सांगून टाकायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हणालो, "हरवला." तिचा चेहरा उतरला. माझी साठी उलटली, तरी ते एका शब्दाचं उत्तर मी मनात अजून बदलून पाहतो.