देवकाच्या भिंतीवरचा मेन

घाटकोपरला एका लग्नघराशेजारच्या खांबावरून पडून लाइनमन मेला. तो प्यायलेला होता, असं त्या वेळी सगळे म्हणत. सगळ्यांच्या आधी ते मी म्हणालो होतो. तो प्यायलेला नव्हता. त्याला शॉक बसला, आणि तो शॉक मी लावलेल्या वायरीतून गेला.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिलीच वर्षं. मी स्टेशनजवळच्या एका दुकानात वायरमन होतो. लग्नामुंजींना दिव्यांच्या माळा आणि लाउडस्पीकर भाड्याने देणारं दुकान. लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेल्या सामानातून मालकाने पेट्रोलवर चालणारा जनरेटर उचलला होता. हमालांनी बांबूला लटकवून न्यावा एवढाच तो, पण मालकाने दुकानावर पाटी लावली होती, ‘लाइट गेले तरी लग्न थांबणार नाही.’

जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा तर आधी घराचा मेन, म्हणजे मुख्य स्विच, खाली करायचा, हे मला शिकवलेलं होतं. मेन खाली असला की घर बाहेरच्या तारेपासून तुटतं. तो वर राहिला तर जनरेटरची वीज घरात फिरते तशीच उलटी बाहेर खांबावर जाते, आणि खांबावरचा माणूस समजत असतो की तार मेलेली आहे. खरं तर मधे दुहेरी स्विच बसवायला हवा. दांडा एकीकडे असला की खांबाची वीज, दुसरीकडे असला की जनरेटरची, दोन्ही एकदम नाहीच. तसला स्विच आमच्या दुकानात नव्हता. आमच्याकडे होती दोन्ही टोकांना पिना असलेली वायर. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या प्लगमध्ये. काम झटपट व्हायचं.

लग्न मे महिन्यातलं, गोरज मुहूर्ताचं. दुपारी वारं सुटलं, चिंचेची फांदी तारेवर पडली आणि लाइट गेले. थोड्या वेळाने लाइनमन आला. कोकणातला माणूस, खाकी चड्डी, खांद्यावर दोर. माझ्याकडे पाणी मागितलं. मांडवाकडे बघून म्हणाला, “काळजी करू नको रे. तार खंय तुटली बघतंय. वाजंत्री वाजायच्या आधी दिवे लावून देतंय.” पाणी प्याला आणि घराच्या मागच्या बाजूला गेला. लांब गेला असेल, असं मी धरून चाललो.

दिवस कलला तरी लाइट येईनात. मुलीचे वडील घायकुतीला आले. “तुझं ते यंत्र काय शोभेला आणलंय? सगळं घर उजळायला हवं मला.”

मी मेन खाली करायला आतल्या खोलीत निघालो. मेनची लोखंडी पेटी त्याच खोलीच्या भिंतीवर होती, आणि नेमकं तिच्या खाली देवक बसवलेलं. लग्नाआधी देवक बसवतात, ते उठेपर्यंत त्याच्या आसपास कुणी उपऱ्याने फिरकायचं नसतं. दारातच मुलीची आत्या बसली होती, सोवळ्यात.

“ए, कुठे घुसतोयस चपला घालून?”

“आत्या, मेन बंद करायचाय.”

“देवक बसलंय तिथे. आणि लग्नघरात बंद करायची भाषा? उद्या देवक उठलं की कर काय ते.”

मागून वडील आले. “अरे, लाइट गेलेतच ना? मग आता आणखी काय बंद करणार तू?”

सगळे हसले. मीही हसलो. त्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, दोन वाक्यांचं होतं. आत्यांना म्हटलं असतं, तुम्हीच तो दांडा खाली ओढा, तर त्यांनी तो ओढलाही असता. सोवळ्यातल्या हाताला चालत होतं. पण माझं हसं झालं होतं, मुहूर्त जवळ आला होता, आणि मी स्वतःलाच पटवलं की तार तर तुटलेलीच आहे. ओसरीवरच्या प्लगमध्ये मी वायर लावली.

दिवे लागले. मांडवात टाळ्या पडल्या. भटजींनी मंगलाष्टकांना सूर लावला. मधेच इंजिन जरा दबल्यासारखं झालं. मी पेट्रोल वाढवलं.

सगळी गल्ली त्या तारेवर असती तर आमचं एवढंसं इंजिन दमून बंद पडलं असतं. पण तार तुटली होती वीज येते त्या बाजूला, घराच्या अलीकडे. तुटलेल्या तुकड्यावर जोड होता तो फक्त या घराचा, आणि त्या तुकड्यावर लाइनमनचे हात होते. त्याने त्याच्या बाजूचा फ्यूज नेमाने काढून ठेवला होता.

मागच्या अंगणातून आचारी ओरडत आला. मी धावत गेलो. लाइनमन खांबाच्या बुडाशी पडला होता, मान वाकडी. मला काय झालं ते लगेच कळलं. मी त्याच्याजवळ बसलो नाही. मागे फिरलो, वायर काढली, गुंडाळली, हत्यारांच्या पेटीत टाकली. मग चपलांसकट देवकाच्या खोलीत गेलो आणि मेन खाली ओढला. आता दारात मला अडवायला कुणी नव्हतं.

चौकशीला वीज कंपनीचे साहेब आले. मेन खाली होता, तो त्यांनी पाहिला. मला विचारलं, “तू याला शेवटचा कधी पाहिलास?”

“पाणी मागायला आला होता, साहेब. तोंडाला वास येत होता.”

दारूबंदीचे दिवस होते. एवढं पुरलं. मुलीच्या वडिलांनी मान हलवली, आचाऱ्यालाही वास आठवला. साहेबांना पुढे काही विचारावं लागलं नाही. कामावर प्यायलेला माणूस म्हणून त्याच्या बायकोला महिन्याभरात कंपनीची खोली सोडावी लागली.

बऱ्याच वर्षांनी मी तिचा पत्ता काढला. ती साकीनाक्याला एका कारखान्यात पत्र्याचे डबे पुसायची. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. “तुमच्या यजमानांना ओळखत होतो,” म्हणालो. तिने चहा केला. नवऱ्याचा एकही फोटो भिंतीवर नव्हता. माझी नजर फिरलेली तिने पाहिली.

“तेचो फोटो मी लावणंय नाय,” ती म्हणाली. “आधी तो पियायचो. मग माझ्या चेडवाच्या डोक्यार हात ठेवन सपत घेतल्यान, सोडलंय म्हणान. माका खरा वाटला. आणि त्याच दिवशी पिऊन वर चढलो. चेडवाक पण सांगून ठेवलंय, तुझ्या बापाशीन तुझी खोटी सपत खाल्ली.”

मी बशीत चहा ओतून घेतला होता.

“तुमी ओळखत होतास ना तेंका?” तिने विचारलं. “प्यालेलो, व्हय ना?”

इतक्या वर्षांत मला कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. नाही म्हणायला आलो होतो. पण नाही म्हटलं की, तुम्हाला कसं ठाऊक, हा प्रश्न येणार होता.

“असेल,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. एवढंच उरलं होतं कुणीतरी सांगायचं, तशी. मी चहा संपवला आणि निघालो.

पुढे आणखी एकदा गेलो होतो. ती वारली होती. मुलगी लग्न होऊन कुठे गेली ते शेजाऱ्यांना सांगता आलं नाही. तिचं नाव मी त्या दिवशी विचारलंच नव्हतं. आज ती असलीच तर म्हातारी असेल, आणि बापाने आपल्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली, असंच धरून बसलेली असेल.