वजनकाट्यावरचा दुभाष्या

माझी नोकरी वाचवली ती खांडबारा स्टेशनाजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी नववीत शाळा सोडून सांगलीहून इथे वजनकाट्यावर कामाला आलो. जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा शेठनी पुतण्याचा लिनक्सवाला लॅपटॉप आणला. वजनाचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजचं, लिनक्सवर न चालणारं. तेही शेठनी जुना कॉम्प्युटर बंद पडायच्या आधीच स्वतः पेन ड्राइव्हमध्ये जपून ठेवलं होतं, म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, ते उघडायचं स्क्रीनवरचं नुसतं चित्र. ते चालेना, म्हणून नालायक मी. "संध्याकाळपर्यंत चालू कर, नाहीतर घरची गाडी पकड."

मी धावत चाचांना घेऊन आलो. त्यांनी चित्र पाहिलं, मान डोलावली आणि अहिराणीत म्हणाले, पाटी तेवढी आणलीत: "वा शेठ! दुकाननी पाटी लयनात, दुकान तठेच ऱ्हायनं!"

मग जुन्या हार्ड डिस्कमधून खरं सॉफ्टवेअर काढून त्यांनी लॅपटॉपवर मधे एक प्रोग्राम बसवला. "हाऊ दुभाष्या शे. ते विंडोजमा बोलस, हाऊ लिनक्सले समजाडस."

ट्रकचं वजन उमटलं. शेठ म्हणाले, "मी म्हणतच होतो, सोपं आहे." एवढे ज्ञानी मालक नशिबानेच मिळतात.

निघताना चाचांनी हळूच विचारलं, "तुले समजाडनारं आठे कोनी शे का?"

मी नकारार्थी मान हलवली; इथे मला समजावून सांगणारं कोणीच नव्हतं. चाचा, आता मी तुमचं दुरुस्तीचं काम शिकतोय. तुमचे डोळे थकतील तेव्हा तुमच्या टेबलावर येऊन बसेन, बिनपगारी.