पडद्यावर न उमटलेला होकार

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घाटनांदूरला आमच्या घरी मुलीच्या लग्नाची बैठक बसली. खर्च चार लाख, दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा, असं ठरलं. हजर माणसं सात : तेलगावहून आलेले मुलाचे वडील आणि दोन काका, माझा मेहुणा, बायको, मुलगी आणि मी.

तीन वर्षांपूर्वी तापात माझे कान गेले. तेव्हापासून मी मोबाइल समोर धरतो. लोक बोलतात, तो लिहितो, मी वाचतो. मेहुण्याला याची कायम गंमत. "दाजी, स्कोअर किती झाला?" हेही बिनचूक उमटलं.

घरात सगळ्यांत स्वच्छ उमटतं ते मुलीचं बोलणं. शंभर शब्दांत दोन-तीन चुकतात, मी मोजलेत. फक्त मागच्या वर्षी बारावीच्या निकालाच्या सकाळी निम्मे चुकले होते. पोरीचा आवाज पातळ होऊन कापत होता, शब्द एकमेकांवर चढत होते, असं बायकोनं नंतर सांगितलं. माणूस ताणात असला की यंत्राला त्याचं बोलणं नीट टिपता येत नाही, एवढं मला तेव्हा कळलं.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पोरी, पसंत हाय ना? मोकळेपणानं सांग." मुलीचे ओठ हलले. मंडळी हसली, मेहुण्यानं सुपारी उचलली. माझ्या पडद्यावर मात्र काहीच्या काही शब्द.

"पुन्हा सांग बाळ, मला वाचायचंय."

ती पुन्हा बोलली. पुन्हा तेच.

"दाजी, हो म्हणली ना ती! कावून उगं ताणताय?"

"सुपारी खाली ठेव."

यंत्राला मनातलं कळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. लाजलीही असेल. पण नीट विचारल्याशिवाय मी सुपारी फोडू देणार नव्हतो. तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं, मोबाइल ओट्यावर ठेवला. "काहीही सांग, मी रागावणार नाही."

ती आधी रडली. मग तोंड धुऊन सावकाश बोलली, "अण्णा, मुलगा चांगला हाय. पण मला आधी नर्सिंग करायचंय. परीक्षा दिलीय, नंबर लागंल. सगळ्यांसमोर न्हाई कसं म्हणू?"

एकही शब्द चुकला नव्हता.

बाहेर येऊन मी तेच मंडळींना वाचून दाखवलं. मेहुण्यानं डोक्याला हात लावला. धाकट्या काकांचं तोंड वाकडं झालं ते चहा पिऊनही सरळ झालं नाही. मुलाचे वडील मात्र माझ्या मोबाइलजवळ वाकून म्हणाले, "लई बरं केलंत. मांडवात कळलं असतं तर दोन्ही घरं गेली असती."

ते गेल्यावर बायकोनं शेजारीपाजारी पेढे वाटले. लग्न मोडल्याचे पेढे आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच खाल्ले.

मुलीचा नंबर लागला. लग्नासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून पहिल्या वर्षाची फी, पंचेचाळीस हजार, मी अंबाजोगाईला कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनाला मोजून दिली. पावती मुलीच्या नावाची.